उन्हाने धुतलेले पाणी

हळदीचा डाग साबणाला दाद देत नाही, उन्हाला देतो. ही गोष्ट आपल्याकडे कोणी कोणाला मुद्दाम शिकवीत नाही. डागाळलेले वस्त्र ओले करून कडक उन्हात घालावे. एक-दोन दिवसांत पिवळेपणा विरून गेलेला असतो. भारी रंगीत वस्त्रे मात्र आपण सावलीत वाळवितो, कारण तेच ऊन हौसेने घेतलेला रंगही खाऊन टाकील अशी धास्ती असते. रंग म्हणजे बहुधा कर्बयुक्त, अर्थात सेंद्रिय पदार्थ. आणि पाण्यात मिसळलेला रंग हे त्या पाण्याचे सेंद्रिय प्रदूषणच होय. तेव्हा जे ऊन दोरीवरच्या वस्त्रातील डाग काढते, ते नदीच्या पाण्यातील डाग का काढू शकणार नाही, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. श्रोतेहो, आजचे माझे भाषण या एका प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे. उत्तर 'होय' असेच आहे. तथापि त्या 'होय'च्या पाठोपाठ काही अटी येतात, आणि त्या अटी समजून घेतल्याखेरीज नुसत्या 'होय'वर विसंबणे धोक्याचे ठरेल.

नुसत्या उन्हाने हे काम भागत नाही, याचे कारण माणसानेच निर्माण केले आहे. कापड घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो, तो रंग पक्का आहे ना, हा. आपल्या या आग्रहाखातर रसायनशास्त्रज्ञांनी असे रंग सिद्ध केले, की जे उन्हाला, साबणाला आणि घामाला हार जात नाहीत. परंतु कापडावर न बसलेला त्यांचा अंश जेव्हा रंगशाळेच्या मोरीतून बाहेर पडतो, तेव्हा तो नदीतही हार जात नाही. दुकानात ज्याची वाखाणणी होते तो पक्केपणाच नदीच्या मुळावर येतो. पंचगंगेकाठची इचलकरंजी, नोय्यल नदीकाठचे तिरुपूर, राजस्थानातील बांडी नदीकाठचे पाली, या कापडाच्या गावांनी हा अनुभव घेतला आहे.

सांडपाणी शुद्ध करण्याची आपली रूढ पद्धत सूक्ष्म जीवांवर अवलंबून आहे. मोठ्या टाकीत हवा खेळवावयाची, जीवाणू वाढू द्यावयाचे, आणि त्यांच्याकडून पाण्यातील घाण खाववून घ्यावयाची. ही पद्धत स्वस्त आहे आणि अत्यंत कार्यक्षम आहे. मात्र जीवाणूंना जे पचते तेच ते खातात. पक्के रंग, कित्येक कीटकनाशके आणि कित्येक औषधे त्यांना पचत नाहीत. औषधांची गोष्ट तर अधिकच गंभीर; कारण जीवाणूंना मारण्यासाठीच बनविलेले औषध जीवाणूंनी खावे ही अपेक्षाच मुळी विचित्र आहे. हैदराबादनजीक पाटनचेरू येथे सुमारे ९० औषधनिर्मात्यांचे सांडपाणी ज्या सामाईक केंद्रात शुद्धीकरणासाठी येत असे, त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी स्वीडनमधील संशोधकांनी केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याची नोंद आहे. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात जेवढे प्रमाण असते, त्याहून हे अधिक होय. अशा पाण्यात जे जंतू तगून राहतात ते त्या औषधाला सरावलेले असतात. आणि उद्या त्याच जंतूंनी आजारी पडलेल्या माणसाला ते औषध लागू पडेलच, याची शाश्वती राहत नाही. म्हणजे प्रश्न केवळ एका ओढ्याच्या स्वच्छतेचा नाही, तो रुग्णालयातील खाटेपर्यंत जाऊन पोहोचतो.

येथे उन्हाच्या मदतीला एक पांढरी भुकटी येते. तिचे नाव टायटानियम डायऑक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात, कागदात, प्लॅस्टिकमध्ये ती सर्रास वापरली जाते. या भुकटीची एक खोड रंग बनविणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. तिचा रंग दिलेल्या भिंती उन्हात काही वर्षांनी पिठूळ होत आणि हाताला खडूसारखी पूड लागे. भुकटी स्वतः जशीच्या तशी राही. परंतु तिला धरून ठेवणारे तेल वा राळ हळूहळू नाहीशी होई. १९२१ साली रेन्झ याने, आणि १९३८ साली गुडीव्ह आणि किचनर यांनी, प्रकाशात ही भुकटी सेंद्रिय पदार्थांवर क्रिया करते याच्या नोंदी केल्या. रंगाच्या व्यवसायात हा दोष समजला गेला, आणि भुकटीच्या कणांवर अन्य पदार्थांचे लेप देऊन तो झाकण्यातच पुढची वर्षे गेली.

त्या दोषाकडे गुण म्हणून पाहण्याची दृष्टी जपानमधून आली. १९६७ साली टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा हा विद्यार्थी केनिची होंडा यांच्या मार्गदर्शनाखाली काम करीत होता. पाण्यात बुडविलेल्या टायटानियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रखर प्रकाश टाकला असता तेथे वायूचे बुडबुडे उठतात, असे त्याला दिसले. प्रकाशाने पाण्याचे विघटन होत होते. १९७२ साली 'नेचर' या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. आणि लगेच पुढल्या वर्षी जगात तेलाची टंचाई निर्माण झाल्यामुळे पाण्यापासून इंधन मिळविण्याच्या आशेने अनेक शास्त्रज्ञ या विषयाकडे वळले. ती आशा त्यांना हवी तशी फळली नाही. परंतु १९७६ साली कॅनडात केरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरीनयुक्त चिवट विषांवर, आणि १९७७ साली अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी पाण्यातील सायनाइडवर ही भुकटी वापरून पाहिली, आणि पाणी शुद्ध करण्याची एक नवी वाट उघडली. तिलाच आपण प्रकाश-उत्प्रेरण म्हणतो.

ही क्रिया घडते कशी? टायटानियम डायऑक्साइड हा अर्धवाहक पदार्थ आहे. त्यातील इलेक्ट्रॉन सामान्यतः आपापल्या जागी बांधलेले असतात. पुरेशा शक्तीचा प्रकाशकण येऊन आदळला की एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडी घेतो आणि त्याच्या मूळ जागी पोकळी राहते. ही पोकळी इलेक्ट्रॉनसाठी अतिशय हपापलेली असते. कणाच्या पृष्ठभागावर असलेल्या पाण्याकडून ती इलेक्ट्रॉन ओढून घेते, आणि त्यातून हायड्रॉक्सिल मूलक नावाचा अल्पजीवी परंतु विलक्षण आक्रमक घटक जन्माला येतो. क्लोरीन किंवा ओझोन यांच्याहूनही त्याची ऑक्सिडीकरणाची शक्ती अधिक आहे. समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तो तुटून पडतो. दुसरीकडे, उडी घेतलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन उचलतो. म्हणूनच या क्रियेला हवा लागते. ही क्रिया शेवटास गेली तर रेणूतील कर्बाचा कर्बद्विप्राणिद वायू होतो, हायड्रोजनचे पाणी होते, आणि क्लोरीन असल्यास त्याचे साधे क्लोराइड होते. भुकटी जशीच्या तशी उरते. गाळून वेगळी केलेली घाण पुन्हा कोठेतरी टाकावी लागते. येथे ती जळूनच जाते, हे या पद्धतीचे खरे आकर्षण होय.

आता अटींकडे वळू. पहिली अट प्रकाशाचीच आहे. इलेक्ट्रॉनला ती उडी घेण्यासाठी जो प्रकाश लागतो तो ३८८ नॅनोमीटरहून आखूड लांबीचा, म्हणजे अतिनील असावा लागतो. सूर्यप्रकाशाच्या एकूण ऊर्जेत अशा प्रकाशाचा वाटा शेकडा चार-पाचच असतो. बाकीचे ऊन, आपल्याला कितीही प्रखर वाटले तरी, या भुकटीच्या दृष्टीने अंधारच. दुसरी अट अशी, की उडी घेतलेले बहुसंख्य इलेक्ट्रॉन काही काम न करताच आपल्या पोकळीत परत पडतात. त्यामुळे प्रकाश वाढविला तरी काम त्या प्रमाणात वाढत नाही. एका मर्यादेपलीकडे प्रकाश चौपट करावा तेव्हा काम दुप्पट होते.

या दुसऱ्या अटीचा धडा प्रत्यक्ष प्रयोगातून मिळाला. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे, धातूवरील वंगण धुण्यासाठी वापरलेल्या ट्रायक्लोरोएथिलिनने भूजल दूषित झाले होते. १९९१ साली तेथे अन्वस्ताच्या आकाराच्या लांबलचक आरशांनी ऊन एका काचनळीवर एकवटून, त्या नळीतून भुकटी मिसळलेले पाणी खेळविण्यात आले. विष नाहीसे झाले खरे. परंतु एकवटलेल्या उन्हाचा मोठा भाग वाया जात होता, कारण इलेक्ट्रॉन परत पडण्याचे प्रमाणही वाढत होते. शिवाय अतिनील प्रकाशाचा बराच भाग आकाशातून विखरून येतो. तो अशा आरशांना पकडता येत नाही. आणखी एक गोष्ट दिसली. भूजलात नैसर्गिकपणे असणारे बायकार्बोनेट त्या आक्रमक मूलकांना वाटेतच गिळून टाकीत होते. पाणी किंचित आम्लधर्मी करून ते घालविल्यावर वेग वाढला. प्रयोगशाळेतील शुद्ध पाणी आणि विहिरीचे पाणी यांतील हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढे स्पेनच्या अल्मेरिया प्रांतातील सौर संशोधन केंद्रात याहून साधी रचना विकसित झाली. काचनळ्यांच्या पाठीमागे दोन वळणांचे उथळ आरसे बसविले, की ऊन एकवटत नाही, परंतु थेट आलेला आणि विखुरलेला, असा दोन्ही प्रकारचा प्रकाश नळीभोवती सर्व बाजूंनी पडतो. अल्मेरिया हा प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली भाजीपाला पिकविणारा प्रदेश. तेथे कीटकनाशकांचे रिकामे डबे पुन्हा उपयोगात आणण्यासाठी धुतात, आणि ते धुवण अर्थातच विषारी असते. २००४ साली तेथे अशा नळ्यांचे सुमारे १५० चौरस मीटरचे संयंत्र या धुवणासाठी उभे राहिले. मात्र त्यात आपली पांढरी भुकटी नव्हती! १८९४ साली फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची जी जोडी दाखविली होती, तिला उन्हाची जोड देऊन ते संयंत्र चालविण्यात आले. कारण ही जोडी दृश्य प्रकाशाचाही काही भाग वापरू शकते आणि काम अधिक वेगाने करते. भुकटीच्या मार्गात एक अडचण कायमची आहे. पाण्यात मिसळली तर ती कामसू असते, परंतु इतकी बारीक की नंतर गाळून काढणे खर्चाचे होते. काचेवर थापून बसविली तर गाळण्याची दगदग वाचते, परंतु मग विषाचे रेणू तिच्यापर्यंत येऊन पोहोचण्याची वाट पाहावी लागते. गेल्या काही दशकांत या रिअॅक्टरांच्या ज्या अनेक तऱ्हा निघाल्या, त्या बहुतेक या एका पेचातून वाट काढण्यासाठीच होत.

सरकारी नोकरीत माणसाला एक सवय जडते: कोणतीही योजना समोर आली की कागदाच्या कोपऱ्यावर हिशेब मांडून पाहावयाचा. येथेही तो मांडू. एका चौरस मीटरवर अतिनील प्रकाश ३० वॅट, आणि दिवसाचे चांगले ऊन पाच तास धरा. शंभर प्रकाशकणांपैकी पाच कामी आले असे माना. हे मानणे उदारपणाचेच आहे. या हिशेबाने एक चौरस मीटर काच दिवसभरात पाऊण ग्रॅमदेखील ऑक्सिजन-मागणी भागवीत नाही. हवेतील ऑक्सिजनचे साहाय्य जमेस धरून ती २ ग्रॅम मानू. आता एखाद्या लहान रंगशाळेतून रोज एक लाख लिटर पाणी निघते, आणि नदीत सोडण्याच्या कायदेशीर मर्यादेइतकी, म्हणजे लिटरमागे २५० मिलिग्रॅम, रासायनिक ऑक्सिजन-मागणी त्या पाण्यात आहे असे समजा. एकूण २५ किलो झाले. ते सारे उन्हाने जाळावयाचे तर साडेबारा हजार चौरस मीटर, म्हणजे तीन एकरांहून अधिक जागा काचनळ्यांनी झाकावी लागेल! तोच माल जर जीवाणूंना पचणारा असेल, तर एका बऱ्यापैकी खोलीएवढी टाकी ते काम करून टाकील.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहा. त्याच एक लाख लिटर पाण्यातून जीवाणूंनी आपले काम केले आहे, पाणी निवळ झाले आहे, आणि फक्त एखाद्या औषधाचा न पचलेला अंश लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम उरला आहे असे समजा. एकूण भरले १० ग्रॅम. त्यासाठी कागदावर दहा चौरस मीटर पुरतात. पाण्यातील इतर द्रव्ये वाटेकरी होतात म्हणून दहापट धरले तरी शंभर चौरस मीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या घराची गच्ची. जी पद्धत पहिल्या कामासाठी हास्यास्पद ठरली, ती दुसऱ्या कामासाठी अगदी विचार करण्याजोगी आहे. ढोबळ घाण जीवाणूंवर सोपवावी. अखेरचे चिवट विष तेवढे उन्हाकडे द्यावे. सगळा भार एकट्या उन्हावर टाकणे म्हणजे सोनाराच्या हातोडीने खडी फोडण्यासारखे आहे.

हे तारतम्य नसले म्हणजे काय होते, ते सांगतो. आमच्यासारख्यांच्या टेबलावर अधूनमधून यंत्रसामग्रीचे प्रस्ताव येतात. सोबत दोन बाटल्या असतात: एकीत जांभळे पाणी, दुसरीत स्वच्छ. पाहणारा प्रभावित होतो. परंतु रंग जाणे म्हणजे विष जाणे नव्हे. बहुसंख्य कापडी रंगांच्या रेणूत नत्राच्या दोन अणूंचा एक सांधा असतो. तो सांधा तुटला की रंग तत्काळ दिसेनासा होतो. रेणूचे तुकडे मात्र पाण्यातच असतात, आणि त्यांतील काही तुकडे मूळ रंगाहूनही अपायकारक असू शकतात. म्हणून दुसऱ्या बाटलीतील पाण्यात एकूण सेंद्रिय कर्ब किती उरला आहे, हे मोजून घेतल्याशिवाय त्या स्वच्छतेवर सही करू नये. तसेच, गडद रंगाचे पाणी अतिनील प्रकाशाला आत शिरूच देत नाही. प्रयोगासाठी मात्र ते पुष्कळ पातळ करून घेतलेले असते. आणि क्षारांचे काय? रंगाईत मीठ फार लागते. ऊन मीठ जाळू शकत नाही. २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिरुपूरच्या रंगशाळा बंद झाल्या, तेव्हा तेथील वादात क्षारांचा प्रश्न मोठा होता. त्यावर तोड म्हणून पाणी पडद्यांतून दाबून गाळण्याचा आणि उरलेले खारे पाणी आटविण्याचा महागडा मार्गच धरावा लागला.

आपल्या देशाला या विषयात अनुकूल गोष्टीही पुष्कळ आहेत. ऊन आहे, हे सांगावयास नको. टायटानियमचे खनिज इल्मेनाइट केरळात चवरा येथे, तामिळनाडूत मानवलकुरिची येथे आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर वाळूत मिळते. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही ते आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. एस. हेगडे, गिरिधर मद्रास आणि त्यांचे सहकारी यांनी ज्वलनाच्या पद्धतीने बनविलेल्या टायटानियम डायऑक्साइडवर विस्तृत अभ्यास केला आहे. २००१ साली जपानी संशोधकांनी भुकटीत नत्राचा अंश मिसळून ती दृश्य प्रकाशातही काम करते असे दाखविल्यापासून, बाकीचे ऊन कामास लावण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. सांडपाण्याच्या अभ्यासाला वाहिलेली नागपूरची राष्ट्रीय संस्था तर १९५८ पासून आपल्या मराठी मुलखातच आहे. त्याबरोबर हेही विसरता कामा नये, की सल्फ्यूरिक आम्लाच्या पद्धतीने ही शुभ्र भुकटी बनविताना आम्लयुक्त सांडपाणी निघते. शुद्धीच्या साधनाचीही काही अशुद्धी असते. तीही हिशेबात धरावयास हवी.

मात्र साधन असणे आणि ते वापरले जाणे यांत अंतर आहे. ज्याची मोजणी होत नाही ते काढण्यासाठी कोणताही कारखानदार खर्च करीत नाही, आणि त्याला सर्वस्वी दोषही देता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्र शासनाने औषध-कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अंशांसाठी मर्यादा सुचविणारा मसुदा प्रसिद्ध केला होता. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा आल्या नाहीत. तांत्रिक अडचणी असतील, परीक्षणाची सोय अपुरी असेल. परंतु ही मर्यादा जोवर नियमात येत नाही, तोवर गच्चीवर काचनळ्या बसविण्याचे कारणही निर्माण होणार नाही. प्रकाश-उत्प्रेरणाचे भवितव्य प्रयोगशाळेइतकेच अशा एका परिशिष्टातील आकड्यावर अवलंबून आहे.

तेव्हा, श्रोतेहो, आपल्या गावात उद्या असा एखादा प्रकल्प आला, तर नगरपालिकेच्या सभेत किंवा कारखान्याच्या दारी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हे पाणी आधी जीवाणूंच्या टाकीतून जाऊन आले आहे काय? परिणाम नुसत्या रंगावर मोजला आहे, की उरलेल्या कर्बावर आणि त्या पाण्यात जलचर जगतात की नाही यावर? आणि हा प्रयोग पातळ केलेल्या नमुन्यावर झाला, की आपल्याच नाल्याच्या पाण्यावर, पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांसह, निदान वर्षभर? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर त्या प्रकल्पाच्या पाठीशी उभे राहण्यास हरकत नाही. न मिळाली, तर स्वच्छ पाण्याची ती दुसरी बाटली नम्रपणे परत करावी, आणि उत्तरे घेऊन पुन्हा यावयास सांगावे.